मंत्र्याला जामीन राहिलेला माणूस

उंबरटेकचे बन्सीधर तात्या सरपंच नव्हते, पोलीस पाटील नव्हते आणि सोसायटीचे चेअरमन तर कधीच झाले नसते. त्यासाठी एका जागी बसावं लागतं, आणि तात्यांना ते कधी जमलं नाही. जेवताना ते एक घास खाऊन दारापर्यंत जाऊन येत. दाढी करायला बसले की न्हाव्यानं त्यांच्यामागं फिरत फिरत दाढी करावी, अशी त्यांची अपेक्षा असे. केवळाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की ह्यांना खाटंला बांधून ठेवलं तर हे खाट घेऊन फिरतील.

असा माणूस वर्षातून एक दिवस मात्र गावाचा कणा व्हायचा, आणि तो दिवस पाडव्याचा.

पाडव्याला सालगड्यांची सालं संपतात आणि नवी सुरू होतात. उंबरटेकात हे काम मारुतीच्या पारावर, सगळ्या गावासमोर होतं. पाराच्या एका कडेला मालक बसतो, दुसऱ्या कडेला गडी, आणि मधे तात्या. म्हणजे तात्या उभेच. गड्यानं कोणती कामं करायची आणि कोणती करायची नाहीत, मालकानं काय द्यायचं, सणावाराच्या सुट्ट्या, पायतण, घोंगडी, सगळं तात्या मोठ्यानं बोलून घ्यायचे. बैल धुणं गड्याचं, पण मालकाच्या पोराची मोटारसायकल धुणं गड्याचं नव्हे, ही अट तात्यांनीच घातलेली. लिहून काहीच ठेवायचं नाही. गावानं ऐकलं की झालं कायम. मग मालक शेवटचं विचारतो, "जामीन कोण?" आणि तात्या म्हणतात, "मी हाय."

या दोन शब्दांवर गावातल्या कितीतरी गरिबांची सालं लागलेली. कारण जामीन राहणं म्हणजे नुसतं मान डोलावणं नव्हे. गडी मधेच निघून गेला तर उरलेलं काम जामिनानं उरकायचं, नाहीतर माणूस शोधून द्यायचा. आणि पुढच्या पाडव्याला गड्यानं पारावर येऊन काय केलं, काय राहिलं ते सांगायचं असतं. गडी नसेल तर त्याच्या जागी जामिनानं बसायचं आणि गावाचं ऐकून घ्यायचं. तात्यांवर अशी पाळी एकदाच आली होती. एक गडी ऐन कोळपणीत पुण्याला कंपनीत पळाला, आणि तात्यांनी त्याच्या मालकाचं रान पुरं केलं. तोवर त्यांच्या स्वतःच्या सोयाबीनमधे इतकं तण माजलं की सोयाबीन कुठं पेरलं होतं हे आठवून सांगावं लागे. तेव्हापासून तात्या जामीन म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

आणि असा माणूस गेल्या वर्षी एका मंत्र्याला जामीन राहिला.

झालं असं, की पाडवा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मारुतीपुढच्या नव्या सभामंडपाच्या उद्घाटनाला पालकमंत्री आले. गाड्यांचा ताफा, धुरळा, हार, नारळ, सगळं रीतसर झालं. मंत्रिसाहेब बोलायला उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी मंत्री-बिंत्री कुणी नाही. मी तुमचा सालगडी आहे. सांगाल ते काम करीन."

टाळ्या पडल्या. असं वाक्य बोलायचं असतं आणि त्यावर टाळ्या वाजवायच्या असतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तात्यांना. त्यांच्या शेजारी दत्तराव उभा होता. गावातलं एकुलतं एक हॉटेल त्याचं, आणि चहापेक्षा टोमणे जास्त उकळलेले. तो तात्यांच्या कानाला लागला. "तात्या, बिगर मधल्या माणसाचा गडी आलाय. साल ठरवून टाका की."

दुसरा कुणी असता तर हसला असता. तात्या चालायला लागले. स्टेजपाशी पोलिसानं त्यांना अडवलं, पण मंत्रिसाहेब खुशीत होते. त्यांनीच "या, या बाबा" म्हणून वर बोलावलं. तात्यांनी माईक हातात घेतला आणि तो पेटता कंदील असल्यासारखा अंगापासून लांब धरला.

"साहेब, तुमी सालगडी म्हणलाव," तात्या म्हणाले, "मग साल ठरवावं लागंल. बिगर ठरवल्याचा गडी आमी ठेवत न्हाई."

मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मंत्री हसले. तात्या मात्र पाडव्याच्या सुरात पुढं बोलत राहिले. कामं दोनच. गावाच्या तोंडावरच्या ओढ्याला पूल, कारण पावसाळ्यात येष्टी अल्याडच थांबते आणि गाव पल्याड राहतं. आणि उपकेंद्राला मुक्कामी राहणारी नर्स. जास्त कामं सांगितली तर गडी पळतो, म्हणून दोनच. मंत्री म्हणाले, कबूल. पुढच्या पाडव्याला याच पारावर बसून काय झालं, काय राहिलं ते गावाला सांगायचं. मंत्री म्हणाले, कबूल. मग रीतीप्रमाणं तात्यांनी गड्याचीही अट विचारली. मंत्री हात जोडून म्हणाले, तुमचं प्रेम. तात्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं की प्रेम आम्ही सालात धरत नाही, पण असू द्या.

एवढं बोलून झाल्यावर पारावर एक थांबा असतो. जामीन विचारायचा थांबा. इथं तो विचारायला कुणीच नव्हतं, पण इतक्या पाडव्यांची सवय. तात्यांच्या तोंडातून आपोआप गेलं, "जामीन मी हाय."

मंत्र्यांनी त्यांना मिठी मारली. ती मिठी संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या मोबाईलवर पोचली. केवळाबाईनं ती शेजारणीच्या फोनवर बघितली आणि रात्री भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "महारुद्रासारख्या गड्याला जामीन ऱ्हाता तवा त्याचा बाप, आजा, चुलता, सगळं तुमाला ठाऊक असतं. ह्या माणसाच्या बापाचं नाव तरी इचारलं का?"

तात्या घास हातात घेऊन दारापर्यंत गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

पहिले काही दिवस बरे गेले. दोन माणसं आली, ओढ्यावर फीत धरली, फक्कीनं पांढऱ्या रेघा मारल्या. तात्या त्यांच्यामागं इतके फिरले की त्यातल्या एकानं तात्यांना आपला माणूस समजून फितीचं टोक धरायला दिलं. मग ती माणसं गेली. पाऊस आला आणि फक्की वाहून गेली. पूल पाण्यात गेला, असं दत्तराव म्हणाला.

दत्तरावाला तर वर्षभराचं काम मिळालं होतं. तात्या हॉटेलसमोरून गेले की तो किटली खाली ठेवून विचारायचा, "तात्या, गडी आला का कामावर?" रविवार असला की स्वतःच सांगायचा, आज गड्याची सुट्टी. कुणाचं कुंपण पडलं, कुणाची मोटर जळली, तरी लोक तात्यांच्या गड्याला बोलवा म्हणायचे. तात्या हसण्यावारी न्यायचे. पण हॉटेलासमोरून जाणारा त्यांचा रस्ता हळूहळू हॉटेलामागून जायला लागला.

रोज सकाळी ते ओढ्यापर्यंत जात. रात्रीतून पूल उगवला असता तर चुकायला नको म्हणून की काय. परत येताना उपकेंद्राचं कुलूप हलवून बघत. मग एक दिवस धुतलेला सदरा घालून ते परभणीला मंत्र्यांच्या संपर्क कार्यालयात गेले. तिथल्या पीएनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, मिठीचा फोटो आपल्याला आठवतो असंही सांगितलं आणि म्हणाला की प्रस्ताव वर गेलाय. वर म्हणजे कुठं, तात्यांनी विचारलं. पीएनं पेन वर केला. तात्यांनी पेनच्या रोखानं बघितलं तर पंखा होता.

गावात येऊन त्यांनी सांगितलं, वर गेलाय.

"वर गेलेलं मागारी येत न्हाई, तात्या," दत्तराव म्हणाला. सगळं हॉटेल हसलं.

हे सगळं चाललं असतं. टोमण्यानं माणूस मरत नाही. पण श्रावणात ओढा भरून वाहत असताना दगडाबाईच्या सुनेला, बबिताला, कळा सुरू झाल्या. दगडाबाई शेळ्यामेंढ्या राखणारी, कडक म्हातारी. तात्यांपेक्षा थोरली, त्यामुळं त्यांना अरेतुरे करणारी गावातली बहुधा शेवटचीच. उपकेंद्राला कुलूप होतं. खाट उलटी केली, बबिताला तिच्यात निजवलं आणि चार माणसं छातीइतक्या पाण्यात उतरली. खाटेचा एक कोपरा तात्यांच्या खांद्यावर होता. दगडाबाई काठावर उभी होती. तात्यांना वाटलं, आता ही आपल्याला शिव्या घालणार. त्यांनी मान खाली घालून वाट बघितली. ती एक शब्द बोलली नाही.

बबिता सुखरूप बाळंत झाली, नात झाली, गावात पेढे वाटले. तात्यांनी पेढा हातात घेतला आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. दगडाबाईच्या न बोललेल्या शिव्या त्यांच्या कानात जास्तच वाजायला लागल्या.

दिवाळीनंतर एक नर्स आली. तिच्या खोलीचं छत गळत होतं आणि मोरीला दार नव्हतं. महिनाभर ती रोज संध्याकाळच्या बसनं परत गेली, आणि मग सकाळच्या बसनं यायची थांबली. तात्यांनी तिला दोष दिला नाही. त्या खोलीत त्यांनी स्वतःही मुक्काम केला नसता.

मग थंडीत एक दिवस दत्तरावाच्या टीव्हीवर बातमी आली. मंत्रिमंडळात खांदेपालट झाला होता, जिल्ह्याला नवे पालकमंत्री मिळाले होते आणि जुन्यांकडं दुसराच जिल्हा गेला होता. दत्तरावानं पोरगं पाठवून तात्यांना बोलावून घेतलं. स्वतःच्या हातानं चहा दिला. आवाज काळजीचा केला आणि म्हणाला, "तात्या, मनाला लावून घेऊ नका. तुमचा गडी दुसऱ्या गावाला लागला."

तात्यांनी जुन्या पीएला फोन लावला. तो म्हणाला, आता तो जिल्हा साहेबांकडं नाही. नव्या मंत्र्यांच्या कार्यालयात लावला, तर तिथला म्हणाला, ती घोषणा मागच्या साहेबांची आहे, तुम्ही त्यांच्याशीच बोलून घ्या. दोघंही अतिशय अदबीनं बोलले. तात्या फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होते, त्या फोन बंद झाल्यावरही चालूच राहिल्या. गडी पळाला असता तर त्यांना रस्ता माहीत होता. त्याचं काम आपण करायचं. एका माणसाचं रान कोळपून देता येतं. पूल कसा कोळपायचा?

आणि पाडवा आला.

त्या दिवशी पारावर पहिलंच साल महारुद्राचं होतं. महारुद्र हा बाप नसलेला तिशीतला माणूस, बैलांचा जाणकार, बोलायला थोडा. भगवानराव त्याला आपल्याकडं ठेवणार होते. भगवानरावांची चाळीस एकर जमीन, पण माणूस वाईट नव्हता. अटी ठरल्या. भगवानरावांनी रीतीप्रमाणं विचारलं, "जामीन कोण?"

"मी हाय," तात्या म्हणाले.

भगवानराव मान खाली घालून पाराची फरशी बघायला लागले. मग म्हणाले, "तात्या, राग धरू नका. औंदा जामीन दुसरा बघावा म्हणतो. तुमचं एक साल लटकलंय अजून."

कुणी हसलं नाही. दत्तरावसुद्धा. तो हसला असता तर बरं झालं असतं.

तात्या उभे होते तिथंच उभे राहिले. पाय हलला नाही की हात. गावानं त्यांना इतकं स्तब्ध कधीच पाहिलं नव्हतं, त्यामुळं दोघं-तिघं त्यांना धरायला पुढं झाले. मग तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गड्याच्या कडेला गेले आणि महारुद्राच्या शेजारी बसले. महारुद्र थोडा सरकला.

"बरोबर बोललाव मालक," तात्या म्हणाले. "आधी त्या सालाचं होऊ द्या. गडी आलेला न्हाई, मी बसलोय. इचारा."

दत्तरावानं जुन्या सवयीनं सुरुवात केली. "काय गडीसाहेब, पुलाचं काय झालं?"

"न्हाई झाला."

"कामून?"

"मला माहीत न्हाई."

दत्तरावानं पुढचं काहीतरी गमतीचं मनात जुळवलं होतं, पण ते त्याच्या तोंडातून निघेना. मात्र त्यानं वाट मोकळी करून दिली होती. मग एकेकजण विचारायला लागला. फक्की मारून माणसं गेली ती परत का आली नाहीत? नर्सची खोली कुणी दुरुस्त करायची होती? मंत्री बदलला तर कामही बदलतं का? प्रश्न आधी तात्यांना होते, मग मंत्र्याला झाले, मग कुणाला आहेत तेच कळेना. सगळे एकदम बोलायला लागले. बसलेले उठले, उठलेले पुढं सरकले. तात्या जेवढं माहीत होतं तेवढं सांगत होते, माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणत होते. त्यांचे पाय मांडीखाली सारखे चुळबुळत होते, पण ते उठले नाहीत.

दगडाबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती पुढं आली तशी गर्दी आपोआप गप्प झाली.

"बन्सी, मला एक सांग," ती म्हणाली. "हे भगवानराव वरसातून एकदाच, पाडव्यालाच, शेतात गेले असते, तर ह्या महारुद्रानं काम केलं असतं का?"

तात्या काही बोलायच्या आत महारुद्रच इमानानं म्हणाला, "न्हाई केलं असतं, मामी."

आता मात्र हशा पिकला. भगवानरावही हसले. दगडाबाई हसली नाही.

"मग ह्या गड्यामागं वरीसभर कोण फिरलं? हा एकटा. आन हा काय मालक हाय का? हा जामीन. मालक आपुन हाव. महीबी सून खाटंवर गेली, पण मी कुठं गेले इचारायला? आपुन सगळे हाटेलात बसून ह्याच्यावर हासायलो." तिनं दत्तरावाकडं बघितलंही नाही, तरी दत्तरावानं टोपी सारखी केली.

मग भगवानरावांनी विषय महारुद्राच्या सालावर आणला. दुसरा जामीन कोण, विचारलं. महारुद्रानं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली आणि सांगितलं की जामीन तात्याच, ते मोकळे होईस्तोवर मी थांबतो. भगवानरावांची पंचाईत झाली. दावणीला बैल होते आणि त्यांना पाणी पाजायला घरात कुणाला वेळ नव्हता. येत्या बाजाराच्या दिवशी नव्या पालकमंत्र्यांचा सोनपेठला जनता दरबार होता. भगवानराव म्हणाले, मग तेच आधी उरकून टाकू, ट्रॅक्टर माझा.

सोनपेठच्या मंगल कार्यालयात दरबार होता. उंबरटेकची ट्रॉली दाराशी रिकामी झाली तेव्हा तिथल्या पोलिसाला लग्नाचं वऱ्हाड आल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यानं आधी आजचं कार्य रद्द झालंय म्हणून सांगितलं. आत नवे मंत्री टेबलामागं बसले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांना अधिकाऱ्यांच्या रांगा. हे मंत्री मिठ्या मारणाऱ्यांतले नव्हते. घड्याळाकडं बघणाऱ्यांतले होते. नंबर लागल्यावर तात्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. मंत्र्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, तो शब्द मागच्या मंत्र्यांचा. माझ्या काळातलं मला विचारा."

"साहेब, गडी मधीच गेला तर त्याच्या जागी येतो तो उरलेलं काम करतो," तात्या म्हणाले. "बैलाला सांगता येत न्हाई, की तुला पाणी पाजायचं कबूल केलेला माणूस गेला म्हणून."

दुसऱ्या गावचे लोक वळून बघायला लागले. मंत्री हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडून काहीतरी विचारून घेतलं आणि सांगितलं की पावसाळ्याआधी पुलाचं काम सुरू होईल.

"सुरू तर फक्कीनं बी झालतं," मागून दगडाबाई म्हणाली. "पुरं कधी व्हईल?"

मंत्र्यांनी तिच्याकडं बघितलं, मग तिच्यामागं उभ्या असलेल्या सगळ्या ट्रॉलीकडं बघितलं. पुढच्या पाडव्याच्या आत, ते म्हणाले. आणि नर्सची खोली महिनाभरात. दोन्ही मोठ्यानं म्हणाले.

इथं तो थांबा आला. तात्यांना तो लांबून येताना दिसला. त्यांचा श्वास छातीत भरला, ओठ सुटले, जीभ आपली आपण उचलली गेली. तेवढ्यात दगडाबाईनं मागून त्यांची बाही मुठीत धरली, चुकार शेळीचा कान धरावा तशी. तात्यांनी तोंड मिटलं.

मग भगवानराव बोलले, जरा चाचरतच. "साहेब, जामीन कोण?"

मंत्र्यांना कळलं नाही. मग तात्यांनी सांगितलं, की काम झालं नाही आणि तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या जागी पारावर येऊन गावाला जबाब कोण देणार. मंत्र्यांनी डावीकडं बघितलं. त्या रांगेतल्या साहेबांना एकदम कागदांत काहीतरी सापडलं. उजवीकडं बघितलं, तिथं फोन वाजायला लागले. रांगेच्या अगदी टोकाला धम्मदीप नावाचा तरुण इंजिनिअर बसला होता, नुकताच बदलून आलेला. तो इतका वेळ हनुवटीवर हात ठेवून मन लावून ऐकत होता. त्याला कागदात बघायचं सुचलं नाही.

"पुलाचं मी बघतो, सर," तो म्हणाला.

"हे बघा, हे तुमचे जामीन," मंत्री म्हणाले आणि त्यांनी पुढच्या नंबराला बोलावलं.

बाहेर येईपर्यंत भगवानरावांनी तात्यांच्या खांद्यावर हात टाकला होता. गावात उतरल्या उतरल्या पारावर जाऊ, म्हणाले, महारुद्राचं उरकून टाकू, जामीन तुम्हीच. पाडव्यापासून तात्या ह्या शब्दांसाठी तळमळत होते. त्यांनी मान डोलावली, ट्रॉलीत चढले आणि एका पोत्यावर टेकले. आता तरी हे बसतील, असं दत्तरावाला वाटलं.

पण तात्यांची नजर कार्यालयाच्या दाराकडं होती. धम्मदीप साहेब बाहेर आले होते. ते जीपपर्यंत गेले, दाराचा दांडा धरला, सोडला, परत दोन पावलं कार्यालयाकडं गेले, पुन्हा जीपकडं आले. तात्यांनी हे थोडा वेळ बघितलं आणि ट्रॉलीतून खाली उडी मारली.

"आता कुठं?" दत्तराव म्हणाला. तात्या निम्म्या वाटेत होते.

"साहेब," त्यांनी गाठून विचारलं, "काय कबूल केलं ते कळलं का तुमाला?"

"पूल, तात्या."

"पूल व्हय. आन न्हाई झाला तर पाडव्याला पारावर तुमाला बसायचंय. मंत्री बदलला तरी."

"माझी बदली झाली तर?"

"येष्टी हाय. वढ्याच्या अल्याडपस्तोर."

धम्मदीप हसला, पण ते हसू पुरं झालं नाही. तो आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का, मी नुसतं बघतो म्हणालो होतो."

"महंबी नुसतं तोंडातून गेलतं," तात्या म्हणाले. त्यांना ह्या पोराची फार दया आली. पुढचं सगळं वर्ष त्यांना त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, चहाच्या टपऱ्यांच्या मागून जाणारे रस्तेसुद्धा. "भेऊ नका. मी एकटा व्हतो, तुमी एकटे ऱ्हाणार न्हाई. आमी दर बाजाराला येऊन तुमाला इचारत जाऊ."

"सगळे?"

तात्यांनी मागं वळून ट्रॉलीकडं बघितलं. दगडाबाई मधोमध बसून त्यांच्याकडंच बघत होती. भगवानराव हातानं खुणावत होते, महारुद्राचं राहिलंय.

"मावतील तेवढे," तात्या म्हणाले.

धम्मदीप जरा वेळ ट्रॉलीकडं बघत उभा राहिला. मग त्यानं जीपचं पलीकडचं दार उघडलं. "बसा तात्या. पुढच्या बाजारापर्यंत कशाला, आत्ताच दाखवा तुमचा ओढा."

तात्या आत चढले. जीप रस्त्याला लागायच्या आत त्यांनी दोनदा काच खाली केली, दोनदा वर केली, आणि कुठं वळायचं ते सांगायला सीटवरून निम्मे उठले. धम्मदीपनं त्यांना बसा म्हणून सांगितलं नाही. तो स्वतःही सीटच्या कडेवर आला होता.